शेवटच्या वळणावरचे जाळे : सॅमन, स्टीलहेड आणि एका तहाची १२० वर्षे

९ सप्टेंबर १९७०. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील वॉशिंग्टन राज्यात, टकोमा शहराजवळ प्युॲलप नदीच्या काठी मूलनिवासींचा एक तळ पडलेला होता. नदीत त्यांची जाळी होती. ती काढून घेण्यासाठी राज्याचे मत्स्य-अधिकारी आणि शहराचे पोलीस मोठ्या संख्येने आले. अश्रुधूर सोडला गेला, दंडुके चालले. तळावरची माणसेही सशस्त्र होती. साठाच्या आसपास लोकांना अटक झाली.

हा प्रकार पाहण्यासाठी केंद्र सरकारचे त्या विभागातील वकील स्टॅन पिटकिन तेथे हजर होते. अश्रुधुरातून त्यांचीही सुटका झाली नाही. नऊच दिवसांनी, १८ सप्टेंबरला, त्यांनी अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या वतीने वॉशिंग्टन राज्याविरुद्ध दावा दाखल केला. (राजधानीचे वॉशिंग्टन शहर निराळे, ते देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे.)

नदीतल्या माशांसाठी केंद्राने आपल्याच एका राज्याला न्यायालयात खेचावे, असे काय घडले होते? कायद्याची पाने उलगडण्याआधी नदी पाहिलेली बरी.

प्युॲलप आणि तिच्या दक्षिणेची निस्क्वाली या दोन्ही नद्या रेनियर पर्वताच्या हिमनद्यांतून निघतात आणि प्युजेट साउंड या समुद्राच्या आत शिरलेल्या लांबलचक फाट्याला मिळतात. उन्हाळ्यात बर्फ वितळत असताना त्यांचे पाणी दुधाळ असते, कारण हिमनदीने दळलेल्या खडकाची पिठासारखी भुकटी त्यात मिसळलेली असते. सप्टेंबरनंतर रात्री थंडावतात, वितळण मंदावते, पाणी निवळते आणि पातळीही उतरते. समुद्रातून परतलेले सॅमन अशा वेळी नदीमुखाशी घोटाळत राहतात. मग पॅसिफिकवरून शरदाचा पहिला दमदार पाऊस येतो, नदी फुगते, आणि जन्मस्थळाच्या पाण्याचा गंध ओळखून मासे वर निघतात.

कोकणात पहिल्या पावसाबरोबर ओढ्यांतून आणि भातखाचरांतून वर येणाऱ्या माशांना ‘चढणीचे मासे’ म्हणतात. सॅमनची चढण त्याच प्रकारची. फरक इतकाच की अनेक वर्षे खाऱ्या पाण्यात काढून आलेल्या या माशाची ती अखेरची यात्रा असते. उगमाकडच्या खडीत अंडी घातली की तो मरतो.

या चढणीला क्रम आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस चिनूक, मग सप्टेंबर ते नोव्हेंबर कोहो, आणि त्यांच्यामागून चम. निस्क्वालीचा चम तर इतका उशिरा येतो की डिसेंबर-जानेवारीतही नदीत त्याची गर्दी असते. थंडी पडली की स्टीलहेड येऊ लागतो. स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन आलेला रेनबो ट्राउट. तो चपळ आणि झुंजार असतो, आणि सॅमनप्रमाणे अंडी घातल्यावर मरतोच असे नाही. गळाने मासे पकडणारे शौकीन ज्या माशासाठी गुडघाभर गारठलेल्या पाण्यात तासन्‌तास उभे राहतात, तो हाच.

मासेमारीच्या दृष्टीने नदीची स्थिती रोज बदलते. पाणी फार उतरलेले आणि काचेसारखे स्वच्छ असेल तर मासा बुजतो, पुढे सरकत नाही. मोठा पूर आला तर गढूळ पाण्यात गळाचे आमिष दिसत नाही आणि वाहून येणारे ओंडके जाळी फाडून नेतात. पूर ओसरू लागला आणि पाण्याला हिरवट झाक आली, की ते दोन-चार दिवस सोन्याचे. गळवाल्याला थोडे निवळलेले पाणी हवे असते. जाळेवाल्याला थोडे गढूळ पाणी किंवा काळोखी रात्र हवी असते, म्हणजे माशाला जाळे दिसत नाही. तरीही दोघे येऊन उभे राहतात ते एकाच नदीवर आणि बहुधा एकाच आठवड्यात. विसाव्या शतकाच्या मध्यात या दोघांपैकी एकाच्या हाती परवाना होता आणि दुसऱ्याच्या हाती तह.

तो तह २६ डिसेंबर १८५४ चा. निस्क्वालीच्या मुखाजवळच्या मेडिसिन क्रीक या ओढ्याकाठी, वॉशिंग्टन प्रदेशाचे पहिले गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स यांनी निस्क्वाली, प्युॲलप, स्क्वॉक्सिन आदी जमातींच्या प्रमुखांना जमवले. भर पावसाळी दिवस होते. बोलणी झाली ती चिनूक जार्गन या व्यापारी बोलीत. तिचा शब्दसंग्रह काही शेकड्यांचा. मोसम, मोल, मासा, मीठ यांसाठी पुरेसा, पण जमिनीच्या मालकीचे कायमचे हस्तांतर समजावून सांगण्यासाठी नव्हे. अशा भाषेतून सुमारे साडेबावीस लाख एकर भूमी सोडून देण्याचा करार झाला. मोबदला ठरला ३२,५०० डॉलर, तोही हप्त्यांनी.

जमातींनी एक गोष्ट मात्र सोडली नाही. तहाच्या तिसऱ्या कलमात त्यांच्या नेहमीच्या आणि परंपरागत जागी मासे पकडण्याचा हक्क राखून ठेवला गेला, प्रदेशातील सर्व नागरिकांसमवेत सामाईकपणे. पुढील काही आठवड्यांत प्युजेट साउंडच्या इतर जमातींशी झालेल्या तहांतही स्टीव्हन्स यांनी जवळपास हीच शब्दरचना वापरली. स्टीव्हन्स यांना तेव्हा ही सवलत स्वस्त वाटली असणार, कारण मासे अगणित होते आणि गोरे वसाहतकार मोजके. शिवाय मूलनिवासींनी पकडलेल्या माशांवरच वसाहतींचे बरेचसे जेवण चालत होते.

निस्क्वालींना प्रथम दिलेली राखीव जमीन नदीपासून दूर, जंगलाच्या चढावर होती. मासेमारीवर जगणाऱ्या लोकांसाठी ही शिक्षाच म्हणायची. लेशाय या निस्क्वाली प्रमुखाने तहावर खूण केली होती की नाही, हा वाद आजही मिटलेला नाही; पण १८५५ मध्ये भडकलेल्या युद्धात तो उतरला, हे निर्विवाद आहे. युद्धानंतर राखीव क्षेत्र नदीच्या दोन्ही तीरांवर वाढवून दिले गेले. लेशायला मात्र १९ फेब्रुवारी १८५८ रोजी फाशी झाली.

पुढची पन्नास वर्षे माशाच्या बाजारपेठेची. १८६६ मध्ये कोलंबिया नदीवर सॅमन डबाबंद करण्याचा पहिला कारखाना निघाला, आणि १८७७ मध्ये प्युजेट साउंडवर. डबा आला तसा मासा टिकू लागला, आणि टिकू लागला तसा लिव्हरपूलच्या बाजारापर्यंत पोहोचला. नदीमुखांशी खांब रोवून प्रचंड सापळे उभे राहिले. कोलंबियावर पाण्याच्या प्रवाहाने फिरणारी आणि मासे उपसणारी चाके बसली. अशाच एका चाकासाठी विनान्स बंधूंनी याकामा जमातीची वाट अडवली, तेव्हा १९०५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक मूलगामी तत्त्व सांगितले: तह म्हणजे सरकारने जमातींना दिलेली देणगी नव्हे. जमातींनी सरकारला काही हक्क दिले आणि उरलेले स्वतःकडे राखले. मासेमारीचा हक्क या राखलेल्यांपैकी एक.

तत्त्व कागदावर राहिले, कारण व्यवहाराची गाठ वेगळीच होती. ती समजली की पुढचा सारा संघर्ष समजतो.

परतणारा सॅमन आधी खुल्या समुद्रातल्या ट्रोलर होड्यांना भेटतो, मग साउंडमधल्या मोठ्या जाळ्यांच्या नौकांना, मग नदीमुखाला, आणि सर्वांत शेवटी नदीत उभ्या असलेल्या माणसाला. जमातींच्या परंपरागत जागा बहुतांशी नदीत. म्हणजे रांगेत त्या अखेरच्या. अंडी घालण्यासाठी ठरावीक संख्येने मासे वर पोहोचलेच पाहिजेत, यात वाद नाही. पण राज्याने समुद्रातल्या आणि साउंडमधल्या पकडीला मोकळीक दिली, आणि नदीपर्यंत मासे कमी उरले की ‘संवर्धना’चे कारण सांगून नदीतली जाळी बंद केली. नियम सर्वांना सारखा, नदीत कोणीच जाळे टाकायचे नाही. फक्त नदीत जाळे टाकणारे जवळपास सगळे मूलनिवासीच होते.

स्टीलहेडच्या बाबतीत तर याहून सोपी युक्ती सापडली. १९२५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने स्टीलहेडला ‘क्रीडा-मत्स्य’ ठरवले. गोड्या पाण्यात तो फक्त गळाने पकडायचा, विकायचा नाही. पुढे त्याच्यासाठी वेगळे खाते आले. त्याचा खर्च शिकार आणि गळाच्या परवान्यांवर चालत असे. त्यामुळे या खात्याचे अधिकारी कोणाच्या बाजूने झुकणार, हे सांगायला ज्योतिषी नको. ज्या माशावर निस्क्वाली कुटुंबे हिवाळा काढीत, तो रविवारच्या विरंगुळ्याची मालमत्ता झाला. शौकीन मंडळी दुष्ट नव्हती. त्यांच्यातले अनेक जण नदीवर मनापासून प्रेम करणारे होते, आणि आपल्या परवान्याच्या पैशातून मासे वाढतात यावर त्यांचा प्रामाणिक विश्वास होता. म्हणूनच जाळ्यात अडकलेला स्टीलहेड पाहून त्यांना येणारा संताप खरा असे. १८५४ मध्ये अशी विभागणी अस्तित्वात नव्हती आणि तहात ‘मासे’ एवढाच शब्द आहे, ही बाब त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचवली नव्हती.

मासे घटण्याची खरी कारणेही समोरच होती. निस्क्वालीवर टकोमा शहराने वीजनिर्मितीसाठी १९१२ मध्ये आणि पुन्हा १९४५ मध्ये धरण बांधले. डोंगरउतारांवरची जंगले तुटली, खाडीकाठ बांध घालून शेतीखाली आणला गेला. बॉनव्हिलचे धरण १९३८ मध्ये झाले. १० मार्च १९५७ रोजी डॅलेस धरणाचे दरवाजे बंद झाले आणि हजारो वर्षे मासेमारी चालत आलेला कोलंबियावरचा सेलिलो धबधबा काही तासांत पाण्याखाली गेला. या सगळ्यांच्या तुलनेत नदीतली हाताने विणलेली जाळी नगण्य होती. पण जाळी डोळ्यांना दिसतात, आणि जाळेवाल्याला अटक करता येते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी छावणीसाठी निस्क्वाली राखीव क्षेत्राची एका तीरावरची सुमारे ३,३०० एकर जमीन काढून घेण्यात आली. विस्थापितांपैकी विली फ्रँक यांनी नदीच्या खालच्या अंगाला सहा एकरांचा तुकडा घेतला. तोच पुढे ‘फ्रँक्स लँडिंग’ म्हणून प्रसिद्ध झाला. १९४५ च्या हिवाळ्यात त्यांचा १४ वर्षांचा मुलगा बिली चममाशांचे जाळे ओढत असताना अधिकाऱ्यांनी त्याला पकडले. बिली फ्रँक ज्युनियर यांची ही पहिली अटक. त्यानंतर त्यांना पन्नासहून अधिक वेळा अटक झाली. जाळी जप्त व्हायची, होडी जायची, दंड व्हायचा. पुढच्या पावसात ते पुन्हा नदीत असायचे.

१९६० च्या दशकात दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय विद्यार्थी वर्णभेद पाळणाऱ्या उपाहारगृहांत जाऊन बसत होते. वायव्येत त्याच धर्तीवर ‘फिश-इन’ सुरू झाले. बंदी झुगारून उघडपणे, पत्रकारांच्या साक्षीने जाळे टाकायचे आणि अटक करवून घ्यायची. २ मार्च १९६४ रोजी अभिनेता मार्लन ब्रँडो प्युॲलप नदीत उतरला आणि थोड्याच वेळात अटकेत गेला. देशभर छायाचित्रे छापली गेली. इतिहासाच्या लोकप्रिय कथनात ब्रँडोचे हे काही तास जितकी जागा व्यापतात, तितकी जॅनेट मॅक्लाउड यांची वर्षे व्यापत नाहीत, हे खटकते. तुलालिप जमातीच्या मॅक्लाउड आणि निस्क्वालींत सासरी-माहेरी गुंतलेल्या कितीतरी स्त्रिया होड्यांच्या काठाला धरून अधिकाऱ्यांशी झटल्या, तुरुंगात गेल्या. हँक ॲडम्स हा ॲसिनिबॉइन-सू तरुण त्यांच्यासाठी कायद्याचे मसुदे आणि पत्रके लिहीत होता. जानेवारी १९७१ मध्ये जाळ्यावर पहारा देत असताना त्याच्या पोटात गोळी घातली गेली, तो बचावला.

पिटकिन यांनी १९७० मध्ये दाखल केलेला खटला या पार्श्वभूमीवर उभा राहिला. जमाती त्यात सामील होत गेल्या. निकालापर्यंत त्यांची संख्या १४ झाली. समोर न्यायाधीश होते जॉर्ज ह्यूगो बोल्ट. आयझेनहॉवर यांनी नेमलेले, वयाची सत्तरी गाठलेले, कडक आणि परंपरावादी म्हणून ख्यात. त्यांच्याकडून मूलनिवासींनी फारशी आशा धरावी असे वरवर काहीच नव्हते. पण बोल्ट यांनी साक्षी ऐकल्या: मानवशास्त्रज्ञ बार्बरा लेन यांची तहकालीन नोंदींवरची मांडणी, मत्स्यशास्त्रज्ञांचे आकडे, आणि आपल्या आजोबांचे जाळे नदीच्या नेमक्या कोणत्या वळणावर असे ते सांगणारी वृद्ध माणसे. विली फ्रँक यांनीही साक्ष दिली.

१२ फेब्रुवारी १९७४, म्हणजे लिंकन जयंती. निकाल २०३ पानांचा होता. बोल्ट यांनी ‘सामाईकपणे’ या शब्दाचा अर्थ लावला: दोन पक्ष समान वाटेकरी. पुनरुत्पादनासाठी आवश्यक मासे वगळल्यावर पकडता येण्याजोगे जे उरतील, त्यांतील निम्मे पकडण्याची संधी जमातींना. त्याआधी त्यांच्या वाट्याला येत होते पाच टक्क्यांच्या आसपास. स्टीलहेडही या वाटणीत आला.

पन्नास टक्क्यांचा आकडा सर्वांच्या लक्षात राहतो, पण निकालाचा कणा वेगळा आहे. वाटणी कोठे मोजायची? बोल्ट म्हणाले, नदीत उरलेल्या माशांत नव्हे. समुद्रात आणि साउंडमध्ये राज्याच्या अधिकाराखाली पकडले गेलेले, त्या नद्यांकडे निघालेले मासेही हिशेबात धरायचे. रांगेत अखेरचा असलेल्या माणसाचा वाटा रांगेच्या आरंभीच मोजला जाऊ लागला. शिवाय नियमन करण्यास सक्षम असलेल्या जमातींनी आपल्या मासेमारीचे नियम स्वतः करावेत, हेही त्यांनी मान्य केले.

प्रतिक्रिया उग्र होती. बोल्ट यांच्या प्रतिमा जाळल्या गेल्या, त्यांच्या निषेधाची चिकटपत्रे गाड्यांवर झळकली. व्यावसायिक मच्छीमारांनी रात्री बेकायदा जाळी टाकली, आणि १९७६ च्या शरदात साउंडवर झालेल्या अशाच एका चकमकीत अधिकाऱ्याची गोळी लागून एक गोरा मच्छीमार कायमचा जायबंदी झाला. त्याच्यासारख्यांची बाजू इतिहासलेखनात हलक्या हाताने उडवून लावणे योग्य नाही. राज्याने वर्षानुवर्षे वाटेल तितके परवाने दिले होते. त्यांच्या भरवशावर कर्ज काढून नौका घेतलेल्या माणसाला १८५४ च्या तहाची किंमत एका हंगामात मोजावी लागली. शेवटी सरकारने काही नौका विकतही घेतल्या, पण त्याने सगळ्यांचे भागले नाही.

राज्याची यंत्रणा मात्र या अगतिकतेआड लपू शकत नाही. महाधिवक्ता स्लेड गॉर्टन यांनी निकालाविरुद्ध शेवटपर्यंत लढत दिली, राज्याच्या न्यायालयांनी अंमलबजावणीत खो घातला, आणि अखेर मासेमारीचे वेळापत्रक बोल्ट यांना स्वतःच्या न्यायालयातून चालवावे लागले. २ जुलै १९७९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकालाचा गाभा उचलून धरला. काही तपशील बदलले: विधींसाठी, घरखर्चासाठी आणि राखीव क्षेत्रात पकडलेले मासेही जमातींच्या निम्म्या वाट्यात मोजायचे ठरले, आणि ‘बेताचे जीवनमान’ ही त्या वाट्याची कमाल मर्यादा ठरली.

त्यानंतर राज्य आणि जमाती यांना एका टेबलाभोवती बसणे भाग पडले. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून ते दरवर्षी हंगामापूर्वी एकत्र बसून किती मासे परततील याचा अंदाज बांधतात आणि कोणत्या नदीत, कोणत्या आठवड्यात, कोणी मासे पकडायचे ते ठरवतात. आज एखादा शौकीन ऑक्टोबरात गळ टाकण्यापूर्वी जे वेळापत्रक पाहतो, ते या वाटाघाटींतून आलेले असते.

तथापि निम्मा वाटा कशाचा, हा प्रश्न उरला. प्युजेट साउंडचा चिनूक १९९९ मध्ये आणि स्टीलहेड २००७ मध्ये केंद्राच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत गेला. मग जमातींनी रस्त्यांखालच्या मोऱ्यांकडे बोट दाखवले. राज्याने बांधलेल्या शेकडो मोऱ्या अशा होत्या की चढणीचा मासा त्यांतून वर जाऊच शकत नव्हता. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मते चार-चार अशी विभागली गेली. त्यामुळे खालच्या न्यायालयाचा आदेश कायम राहिला आणि राज्याला त्या मोऱ्या दुरुस्त करणे भाग पडले. निस्क्वालीच्या मुखाशी तर २००९ मध्येच जुन्या शेताचा बांध फोडून भरतीचे पाणी पुन्हा आत घेतले गेले. मेडिसिन क्रीकची जागा तेथून फार दूर नाही.

बिली फ्रँक यांनी ‘नॉर्थवेस्ट इंडियन फिशरीज कमिशन’चे अध्यक्षपद सुमारे तीस वर्षे सांभाळले. जे खाते एकेकाळी त्यांना पकडून नेई, त्याच्याच अधिकाऱ्यांसमवेत ते नद्यांच्या जतनाचे आराखडे आखत. मार्च २०१४ मध्ये राज्याने एक कायदा केला: फिश-इनच्या काळात तहाचा हक्क बजावल्याबद्दल झालेल्या शिक्षा नोंदीतून रद्द करवून घेण्यासाठी न्यायालयात अर्ज करता येईल. दोषी ठरलेली व्यक्ती हयात नसेल तर कुटुंबीयांनाही तो अर्ज करता येतो. ५ मे २०१४ रोजी बिली फ्रँक यांचे निधन झाले.